प्रोफेशनल आइस हॉकीत शिरायचंय? मग एनएचएलच्या खालचं जग आधी समजून घ्या

आइस हॉकीत करिअर करायचंय म्हणणारी पोरं आणि त्यांचे आईवडील मला जे विचारतात ते बहुतेक सगळं एनएचएलभोवतीच (उत्तर अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) फिरतं, ड्राफ्ट (टीमनी नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड करणं) कसा होतो, स्काउट कधी बघायला येतात, पैसे किती मिळतात. प्रश्न चुकीचे नाहीत. पण जरा हिशोब करून बघा, एनएचएलमध्ये ३२ टीम, एकेका टीमच्या रोस्टरवर जास्तीत जास्त २३ जण, म्हणजे अख्ख्या जगातून निवडून साडेसातशेच्या आत जागा. त्यातले सामन्याला उतरतात २०, दोन गोली, म्हणजे गोलकीपर, धरून. बाकी जे प्रोफेशनल खेळाडू आहेत, या खेळावर घर चालवणारी हजारो माणसं, ती एएचएल (एनएचएलच्या लगेच खालची लीग), ईसीएचएल (तिच्याही खालची), स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी, ब्रिटन अशा ठिकाणी खेळत असतात आणि त्यांच्या आयुष्याबद्दल नवीन मुलांना कोणी फारसं सांगत नाही. मी त्यांच्यातला. डिफेन्समन होतो, आधी ज्युनियर, मग कॉलेज, मग ईसीएचएल, तिथून एएचएल, शेवटची वर्षं युरोपात. एनएचएलच्या कॅम्पला गेलोय, प्रीसीझनमध्ये खेळलोय, सीझनमधला सामना वाट्याला आला नाही. पण एवढी वर्षं पोटापाण्याला हाच धंदा होता आणि मला तो मनापासून आवडला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. या धंद्यात माणूस टिकतो तो कोचच्या भरवशावर. गोल, पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), हायलाइटचे व्हिडिओ यांनी दार उघडतं, नाही असं नाही, पण आत राहायचं तर एका गोलने पुढे असताना शेवटच्या दीड मिनिटात कोच ज्यांची नावं घेतो त्यांच्यात तुमचं नाव यायला हवं. ते नाव का येतं आणि का येत नाही हे मला कळायला वेळ लागला कारण ज्युनियरमध्ये हे कोणी शिकवतच नाही, तिथे सगळे एकमेकांचे पॉइंट मोजत बसलेले असतात.

लहान मुलांचं आधी सांगतो. स्केटिंग. त्याच्याशिवाय सगळं फोल. शॉट नंतर सुधारतो, ताकद नंतर येते, पण एजवरचा, म्हणजे ब्लेडच्या कडेवरचा, ताबा, दोन्ही बाजूंना सारखं वळता येणं, पाठीमागे स्केट करताना कंबर खाली ठेवणं हे लहानपणी अंगात भिनलं नाही तर पुढे प्रत्येक लेव्हलला तेच आडवं येतं. आणि पालकांनो, १० वर्षांच्या मुलाची निवड टॉप टीममध्ये झाली नाही म्हणून जीव टाकू नका. बहुतेक ठिकाणी वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो आणि त्या वयात एक वर्ष म्हणजे अर्धा फूट उंची सुद्धा असू शकते. मोठं दिसणाऱ्या मुलाला चांगली टीम मिळते, चांगली टीम म्हणजे चांगला कोच आणि जास्त आइस टाइम, आणि मग तो खरंच चांगला होतो. उशिरा वाढणाऱ्या मुलाला या चक्रातून टिकवून ठेवणं, त्याची आवड मरू न देणं, हे आईवडिलांचं खरं काम आहे.

साधारण १५-१६ व्या वर्षी पहिला मोठा फाटा येतो. उत्तर अमेरिकेत एक रस्ता म्हणजे मेजर ज्युनियर, म्हणजे सीएचएल, त्याच्यात तीन लीग, ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल, १६ ते २० वयाची मुलं, प्रो सारखंच वेळापत्रक, भरपूर सामने, घरापासून लांब बिलेट कुटुंबात, म्हणजे खेळाडूला घरी ठेवून घेणाऱ्या स्थानिक कुटुंबात, राहायचं. दुसरा रस्ता यूएसएचएल (अमेरिकेतली ज्युनियर लीग) किंवा एखादी ज्युनियर ए लीग आणि मग अमेरिकन कॉलेज, म्हणजे एनसीएए. पूर्वी यातलं एक निवडलं की दुसरं बंद व्हायचं, सीएचएलमध्ये एक सामना खेळलात तरी एनसीएए तुम्हाला प्रोफेशनल धरायचं. हे आता बदललंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएल खेळलेल्या मुलांना कॉलेज हॉकी खुली झाली, गॅविन मॅकेनासारखा त्या वयातला सगळ्यात गाजलेला खेळाडू मेडिसिन हॅट ही डब्ल्यूएचएलची टीम सोडून पेन स्टेट युनिव्हर्सिटीला गेला. त्यामुळे जुन्या खेळाडूंचा सल्ला, माझा धरून, या एका मुद्द्यावर तपासून घ्या, आमच्या वेळचं गणित आता लागू नाही.

मी कॉलेजचा रस्ता घेतला आणि आज कोणी विचारलं तरी उशिरा भरणाऱ्या मुलाला मी तोच सांगेन. कारण साधं आहे, कॉलेजमध्ये सामने कमी असतात, आठवड्याअखेरीला दोन, बाकी दिवस जिम आणि प्रॅक्टिस. शरीर घडवायला तीन-चार वर्षं मिळतात आणि हातात डिग्री येते. ज्याचं शरीर १७ व्या वर्षीच तयार आहे आणि ज्याला रोज सामना हवाय त्याला सीएचएल जास्त मानवतं. सीएचएलमध्ये पण शिक्षणाचं पॅकेज असतं, जितके सीझन खेळाल तितक्या वर्षांची फी, फक्त त्याच्या अटी आणि मुदत सही करायच्या आधी नीट वाचा, प्रो करार केल्यावर त्या पॅकेजचं काय होतं हे स्पष्ट विचारा आणि लेखी घ्या. युरोपातल्या मुलांचं वेगळं, तिथे क्लबच्याच ज्युनियर टीममधून वर चढतात, १८ वर्षांचा पोरगा शाळा सुटल्यावर सीनियर टीमबरोबर प्रॅक्टिस करतो, मला ती पद्धत फार आवडते.

ड्राफ्ट. सात राउंड, २२४ नावं, त्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण झालेली मुलं पात्र. त्याच्याआधी कंबाइन, म्हणजे फिटनेस चाचण्या, असतं, पुलअप, उडी, सायकलवरची ती विंगेट टेस्ट जिच्यानंतर भलेभले बादली शोधतात, आणि टीमवाल्यांच्या मुलाखती. नाव पुकारलं की घरात दिवाळी, साहजिक आहे. पण ड्राफ्ट झाला म्हणजे नोकरी लागली नाही, त्या टीमने तुमच्याशी करार करायचा हक्क फक्त स्वतःकडे राखून ठेवलाय. ड्राफ्ट होऊन कधीच करार न मिळालेले माझे कितीतरी टीममेट होते. आणि उलट पण तितकंच खरं, नाव आलं नाही म्हणून काही संपत नाही. मार्टिन सेंट लुईसला कोणी ड्राफ्ट केलं नव्हतं, उंची पाच फूट आठ इंच, कॅल्गरीने सोडून दिल्यावर टँपाला गेला आणि २००४ मध्ये स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद) आणि हार्ट ट्रॉफी (लीगमधला सगळ्यात मोलाचा खेळाडू) दोन्ही घेतल्या. मार्क जॉर्डानो पण ड्राफ्टबाहेरचा, टीमने मनासारखा करार दिला नाही म्हणून २००७ मध्ये मॉस्कोला जाऊन एक सीझन खेळला, परत आला, कॅप्टन झाला आणि २०१९ ला लीगमधला सर्वोत्तम डिफेन्समन ठरला. गोलींना तर अजून वेळ लागतो. टिम थॉमस तिशी उलटल्यावर एनएचएलमध्ये स्थिरावला, मधली वर्षं फिनलंडमध्ये वगैरे खेळत होता, आणि २०११ मध्ये व्हेझिना (सर्वोत्तम गोली) आणि कॉन स्माइथ (प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू) दोन्ही त्याच्या नावावर. तुमचा मुलगा गोली असेल तर २२ व्या वर्षी निराश व्हायचं काहीच कारण नाही.

आता कॅम्प. जुलैमध्ये डेव्हलपमेंट कॅम्प, सप्टेंबरमध्ये रूकी कॅम्प आणि मग मेन कॅम्प. मेन कॅम्पला ५०-६० जण असतात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जागा आधीच ठरलेल्या असतात हे मान्य करून जा. तिथे जाऊन दोन डिफेन्समनच्या मधून डँगल करून, म्हणजे हुलकावणी देत निघून, दाखवायचा मोह होतो, कारण ज्युनियरमध्ये तेच करून इथपर्यंत आलेलो असतो. पण वरच्या दोन लाइनवर गोल करणारे त्यांच्याकडे आहेत. त्यांना हवाय पेनल्टी किल (शिक्षेमुळे आपला एक खेळाडू कमी असतानाचा बचाव) करणारा, डाव्या बाजूचा फेसऑफ (खेळ सुरू करतानाची झुंज) जिंकणारा, तिसऱ्या जोडीत १३-१४ मिनिटं काही गडबड न करता काढणारा. कॅम्पला जायच्या आधी त्या टीमचा पेनल्टी किल बघा, कोण म्हातारं झालंय, कोणाचा करार संपतोय ते बघा आणि स्वतःला विचारा की यातली कुठली जागा मी उद्यापासून भरू शकतो. कॉलेजमध्ये मी पॉवरप्लेवर (समोरच्यांचा खेळाडू कमी असतानाची चढाई) होतो, प्रो झाल्यावर पॉवरप्ले विसरलो आणि शॉट ब्लॉक करायला शिकलो, त्याच्यावर माझं करिअर उभं राहिलं.

भरवसा म्हणजे काय हे एका उदाहरणाने दाखवतो कारण नुसतं म्हणून कळत नाही. समजा समोरच्यांनी पक (खेळाची रबरी चकती) आमच्या कोपऱ्यात डंप केला, म्हणजे लांबून मारून सोडला. मी वळून त्याच्यामागे, पाठ अख्ख्या खेळाकडे. पकपर्यंत पोचायच्या आत दोनदा खांद्यावरून मागे बघायचं, एकदा वळल्या वळल्या आणि एकदा अगदी पोचता पोचता, कारण या दोन नजरांच्या मध्ये फोरचेकरने, म्हणजे पक हिसकायला धावून येणाऱ्याने, बाजू बदललेली असते. त्याच वेळी जोडीदार आणि गोली ओरडत असतात, ‘व्हील’ म्हटलं की गोलच्या मागून स्वतः घेऊन निघायचं, ‘रिव्हर्स’ म्हणजे ज्या बाजूने आलो तिकडेच बोर्डवरून (रिंकच्या भिंतीवरून) मागे सोडायचा, ‘ओव्हर’ म्हणजे जोडीदाराला, ‘अप’ म्हणजे आपल्याच बाजूच्या विंगरला भिंतीवरून. स्टिक पकला लागायच्या आधी निर्णय झालेला हवा, लागल्यावर विचार करायला घेतलात तर ९५ किलोचा माणूस तुम्हाला काचेत दाबून पक घेऊन गेलेला असतो. एक-दीड सेकंदाचं काम. टीव्हीवर ते कोणाच्या लक्षातही येत नाही, आकडेवारीत त्याचं नाव नाही, पण दुसऱ्या दिवशी व्हिडिओ रूममध्ये कोच तेच दहा वेळा मागेपुढे करून दाखवतो. दहापैकी नऊ वेळा पक नीट बाहेर काढणारा डिफेन्समन कधी बेकार राहत नाही. मी उन्हाळ्यात एका रिकाम्या रिंकवर फक्त हेच करायचो, कोपऱ्यात पक मारायला सांगायचो आणि मागे बघायची सवय पक्की होईपर्यंत परत परत.

तसंच शिफ्टचं, म्हणजे एका वेळी बर्फावर किती थांबायचं त्याचं. प्रोमध्ये शिफ्ट ४०-४५ सेकंदांची, दमलात की बदला, अजून एक रश (वेगवान चढाई) मिळेल म्हणून वर थांबू नका. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदललेल्या असतात त्यामुळे बचाव करताना आपला बेंच लांब पडतो, तिथे कोणी १५ सेकंद जास्त थांबला की पाच जण अडकतात, पाय जड होतात आणि गोल बसतो. दुसऱ्या पिरियडमध्ये गोल जास्त होतात त्याचं हे एक मोठं कारण. शिफ्ट वेळेवर संपवणारा खेळाडू कोचच्या लगेच लक्षात येतो.

रोजचं आयुष्य कसं असतं? सामन्याच्या दिवशी सकाळी हलका स्केट, मीटिंग, जेवण, दुपारी झोप, आणि ही झोप चैन नाही, कामाचा भाग आहे, मग रिंकवर जाऊन स्टिकला टेप, वॉर्मअप, सामना, नंतर सायकल आणि आइस बाथ. एएचएल आणि ईसीएचएलमध्ये रेग्युलर सीझन ७२ सामन्यांचा, आणि बरेच सामने वीकेंडला कोंबलेले, शुक्रवार शनिवार रविवार तीन रात्रीत तीन सामने हा प्रकार पाचवीलाच पुजलेला. शनिवारी रात्री सामना संपवून बसमध्ये बसायचं, पहाटे पोचायचं, दुपारी परत आइसवर. बसमध्ये झोपता येणं हे खरंच एक कौशल्य आहे, मानेची उशी आणि कानातले बोळे पहिल्याच पगारात घ्या. आणि इक्विपमेंट मॅनेजरशी कायम आदराने वागा. तोच तुमच्या ब्लेड रोज धार लावून देतो, तुमचा हॉलो (ब्लेडच्या तळाची खोबण) त्याला पाठ असतो, मी अर्ध्या इंचावर खेळायचो आणि मऊ बर्फाच्या रिंकवर गेलो की तो न सांगता विचारायचा, थोडं कमी करू का म्हणून. लीगभर या माणसांची एकमेकांशी ओळख असते, नवीन खेळाडू कसा आहे हे कोचच्या आधी त्यांना कळलेलं असतं.

हेल्दी स्क्रॅच, म्हणजे फिट असूनही बाहेर बसवणं, हे सगळ्यात जास्त मनाला लागतं. सकाळी बोर्डवर नाव नाही. त्या दिवशी तुम्ही प्रॅक्टिसनंतर उरलेल्यांबरोबर अर्धा तास जास्त घाम गाळता, संध्याकाळी सूट घालून वरून सामना बघता. इथे बऱ्याच मुलांची तोंडं पडतात आणि ड्रेसिंग रूममध्ये ते सगळ्यांना दिसतं. बाहेर बसलेल्या दिवशी तुम्ही कसे वागता हे कोच खेळापेक्षा बारकाईने बघतात, माझं ठाम मत आहे. वरून बघताना समोरच्या टीमच्या पॉवरप्लेची नोंद करा आणि ज्याने तुमची जागा घेतलीय त्याला सांगा, त्याने फरक पडतो.

आता पैशाचं, कारण इथे घोळ जास्त होतात. एनएचएलमध्ये २०२५-२६ सीझनचा किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर, २०२६-२७ पासून साडेआठ लाख. ऐकायला भारी. पण पहिला करार, एंट्री लेव्हल, १८ ते २१ वयात सही केलीत तर तीन वर्षांचा आणि तो टू वे असतो, म्हणजे एनएचएलमध्ये असाल त्या दिवसांचे एनएचएलच्या दराने आणि एएचएलमध्ये असाल तेव्हाचे एएचएलच्या दराने, आणि एंट्री लेव्हलमध्ये ती खालची रक्कम वर्षाला ८५ हजार डॉलरच्या आसपासच. पगार दिवसावर मोजतात. त्यामुळे दहा दिवस वर गेलात तर आयुष्य बदलत नाही पण त्या वर्षाचं बजेट नक्की बदलतं. वर गेल्यावर एस्क्रो पण असतो, लीगचं उत्पन्न मालक आणि खेळाडूंमध्ये निम्मं निम्मं वाटायचं ठरलेलं आहे म्हणून प्रत्येकाच्या पगारातला काही भाग आधीच बाजूला ठेवतात आणि शेवटी हिशोब करतात. शिवाय जिथे जिथे सामना खेळाल त्यातल्या बऱ्याच राज्यांत टॅक्स. एजंटचं कमिशन वेगळं. एजंट एनएचएलपीएचा (एनएचएल खेळाडूंची युनियन) सर्टिफाइड आहे ना हे बघाच, आणि त्याला विचारा की तुझे किती खेळाडू एएचएल आणि युरोपात आहेत, फक्त स्टारवाला एजंट तुमचा फोन फेब्रुवारीत उचलणार नाही.

ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याला आणि फक्त सीझनपुरता, राहायची सोय टीम करते. उन्हाळ्यात उत्पन्न शून्य. त्यामुळे तिथले बहुतेक जण उन्हाळ्यात हॉकी कॅम्पवर शिकवतात, कोणी बांधकामावर काम करतं, कोणी जिममध्ये ट्रेनर. यात कमीपणा काही नाही. मात्र करार कधीही तुटू शकतो आणि ट्रेड तर रोजचाच. सकाळी प्रॅक्टिसला गेलात, असिस्टंटने येऊन सांगितलं की कोच बोलावतोय, पाच मिनिटांत बोलणं संपतं, लॉकरवरची नावाची पट्टी निघालेली असते, इक्विपमेंटवाल्याने बॅग भरून ठेवलेली असते आणि तुम्ही गाशा गुंडाळून संध्याकाळपर्यंत दुसऱ्या राज्यात. म्हणून सामान कमी ठेवा, कागदपत्रं एका फाइलमध्ये ठेवा, घरचा भाडेकरार महिन्यामहिन्याचा करा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नवी गाडी घेऊ नका.

एक आकडा प्रत्येक मायनर लीगवाल्याला पाठ असतो, २६०. एएचएलमध्ये सामन्याला उतरणाऱ्या १८ स्केटरपैकी १३ जण डेव्हलपमेंट खेळाडू असावे लागतात, आणि त्यातल्या १२ जणांचे सीझनच्या सुरुवातीला प्रो सामने २६० किंवा त्याहून कमी हवेत (तेराव्याला ३२० पर्यंत सूट). ईसीएचएलमध्ये पण व्हेटरन मर्यादा आहे, चार जण. म्हणजे तुम्ही चांगले खेळत खेळत चार सीझन काढलेत की एक दिवस अचानक ‘व्हेटरन’ होता आणि एका सामन्यात फक्त पाच जणांना असलेल्या जागेसाठी लढायला लागता. तुमचा खेळ वाईट झालेला नसतो, नियम आडवा येतो. २६-२७ व्या वर्षी इतके खेळाडू युरोपात का जातात त्याचं मोठं कारण हेच. मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून तुम्हाला सांगतोय, तिसऱ्या सीझनपासूनच आपले सामने मोजा आणि एजंटशी युरोपबद्दल बोलायला लागा.

युरोपबद्दल बऱ्याच मुलांच्या मनात असतं की ती उतरती कळा. अजिबात नाही! मला माझी सगळ्यात छान वर्षं तिथे मिळाली. स्वीडनच्या एसएचएलमध्ये आणि जर्मनीच्या डीईएलमध्ये रेग्युलर सीझन ५२ सामन्यांचा, प्रवास छोटा, बहुतेक रात्री घरी झोपता, क्लब बऱ्याचदा फ्लॅट आणि गाडी देतो, मुलंबाळं असली तर हे आयुष्य फार सुखाचं. रिंक बऱ्याच ठिकाणी रुंद असतो, एनएचएलचा साधारण २६ मीटर आणि इथे ३० पर्यंत, त्यामुळे डिफेन्समनला कोपऱ्यात धावत जाऊन हिट मारायची सवय सोडावी लागते, गेलात आणि चुकलात तर मागे मैदान मोकळं. पहिला महिना मी अँगल, म्हणजे समोरच्याची वाट तिरकी अडवणं, शिकण्यातच घालवला. इथे दडपण वेगळं आहे. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, स्वित्झर्लंडमध्ये २०२२ पासून सामन्याला सहा, आधी चारच होत्या, त्यामुळे इंपोर्ट म्हणून आलात की तुम्ही लोकल खेळाडूपेक्षा ठळकपणे चांगले दिसायला हवेत, नाही दिसलात तर नोव्हेंबरमध्ये दुसरा आणतात. शिवाय प्रमोशन-रेलिगेशन, म्हणजे वरच्या-खालच्या लीगमध्ये बढती आणि घसरण. खालच्या दोन-तीन टीमसाठी मार्चमधले सामने म्हणजे क्लबच्या पुढच्या वर्षांचा प्रश्न असतो, ऑफिसात काम करणाऱ्यांच्या नोकऱ्या त्याच्यावर असतात, ते वातावरण मी दुसरीकडे कुठे अनुभवलं नाही.

दुखापतींवर थोडं गंभीरपणे. २८ ऑक्टोबर २०२३ ला ब्रिटनमधल्या शेफील्डमध्ये सामना चालू असताना ॲडम जॉन्सन या खेळाडूच्या गळ्याला स्केटचं ब्लेड लागलं आणि तो गेला. आम्ही सगळे, ज्यांनी आयुष्यभर गळा उघडा ठेवून खेळलं, सुन्न झालो. त्यानंतर आयआयएचएफने (आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ) नेक गार्ड सक्तीचा केला, एएचएलने २०२४-२५ पासून, एनएचएलमध्ये २०२६-२७ पासून नव्याने येणाऱ्यांना घालावाच लागेल. तुमच्या लीगमध्ये सक्ती असो नसो, घाला. मनगटावर आणि पोटरीवर कट रेझिस्टंट कपडा पण घाला, एरिक कार्लसनची टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन) २०१३ मध्ये ब्लेडनेच कापली होती. डोक्याला मार बसला तर लपवू नका. जागा जाईल ही भीती मला माहितीये, सगळ्यांनाच असते, पण सिडनी क्रॉसबीसारखा माणूस २०११ मध्ये कन्कशनमुळे (डोक्याला मार बसून मेंदूला बसलेला धक्का) महिनोन्महिने बाहेर बसला आणि परत येऊन अजून दोन कप जिंकला. डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, रात्री झोप नाही, यातलं काहीही असलं तर ट्रेनरला त्याच दिवशी सांगा. घरच्यांना पण लक्षणं सांगून ठेवा, कारण त्या अवस्थेत स्वतःला कळत नाही. जांघ आणि कंबरेचे सांधे तर जवळजवळ प्रत्येकाचे कुरकुरतात, हिप मोबिलिटी १६ व्या वर्षापासून रोज करा, तिशीत आभार मानाल.

मुलींसाठी आता चित्र पालटायला लागलंय आणि मला याचा मनापासून आनंद आहे. १ जानेवारी २०२४ ला पीडब्ल्यूएचएल ही महिलांची प्रोफेशनल लीग सुरू झाली, सहा टीम, २०२५-२६ ला सिअ‍ॅटल आणि व्हँकूव्हर धरून आठ. पगार एनएचएलच्या जवळपासही नाही, पण खेळाडूंचा सामूहिक करार आहे, नीट ट्रेनर, नीट प्रवास, भरलेली स्टेडियम. त्याच्याआधी जगातल्या सर्वोत्तम खेळाडू नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिसला यायच्या. मुलींचा रस्ता अजून तरी मुख्यतः कॉलेजमधूनच जातो, त्यामुळे त्यांना मी सांगतो की मार्कांकडे दुर्लक्ष करू नका, स्कॉलरशिप तिथूनच सुरू होते.

आणि शेवट कधीतरी येतोच, बहुतेकांचा पस्तिशीच्या आत. यारोमिर जागर पन्नाशीनंतरही क्लाडनो या चेक क्लबसाठी खेळला, पण तो जागर. खेळत असतानाच काहीतरी शिकायला घ्या, बसमध्ये आणि हॉटेलात वेळ भरपूर असतो. ब्रिटनमधले काही क्लब खेळता खेळता युनिव्हर्सिटीत मास्टर्स करायची सोय देतात, माझ्या ओळखीतल्या दोघांनी तसंच केलं आणि दोघंही आज चांगल्या नोकरीत आहेत. खेळातच राहायचं असेल तर व्हिडिओ कोच, स्किल्स कोच, स्काउट, रेफरी, हे सगळे रस्ते आहेत, फक्त त्याची तयारी शेवटच्या सीझनमध्ये नाही तर दोन-तीन वर्षं आधी करा, उन्हाळ्यात ज्युनियर टीमबरोबर फुकट काम करून. एएचएल-ईसीएचएलवाल्यांची युनियन पीएचपीए आहे, करारात काही खटकलं, दुखापत झाल्यावर पैसे अडले, क्लबने घर दिलं नाही, तर आधी त्यांना फोन करा. पहिल्या आठवड्यात टीमचा प्लेयर रेप (युनियनमधला खेळाडूंचा प्रतिनिधी) कोण आहे ते विचारून त्याचा नंबर घेऊन ठेवा.